वाचलंत ना? मग चारचौघांत सांगा

सोलापुरात पुस्तकाचं प्रकाशन थाटात होतं. सभागृह भरतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे चार शब्द बोलतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात फोटो येतो. नातेवाईक, शाळेतले गुरुजी, ऑफिसातले सहकारी यांना प्रती दिल्या जातात. पंधरा-वीस दिवस अभिनंदनाचे फोन येत राहतात. त्यानंतर जी शांतता पसरते तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. पुस्तक घराघरांत गेलेलं असतं, काहींचं वाचूनही झालेलं असतं, पण लेखकाच्या कानावर काही येत नाही. ज्याने ते अजून पाहिलंच नाही अशा परक्या वाचकाला तर असं काही पुस्तक आहे याचाही पत्ता लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याने पुस्तक वाचलं त्याने त्याबद्दल चार ओळी, इतरांना दिसतील अशा जागी, लिहायला हव्यात. लेखकावर उपकार म्हणून लिहू नका. मराठी पुस्तक आज ज्या परिस्थितीत छापलं जातं आणि ज्या वाटेने वाचकापर्यंत जातं, ती पाहता वाचकाने एवढं करणं हा वाचनाचाच भाग मानायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आधी पैशांचा हिशेब मांडू. एके काळी मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असायची. आता पाचशे, तीनशे, कवितासंग्रह असेल तर त्याहूनही कमी. २५० रुपयांच्या पुस्तकाच्या ५०० प्रती काढल्या, एकूण एक विकल्या गेल्या आणि दहा टक्के मानधन ठरलेलं असलं, तर लेखकाच्या हातात १२,५०० रुपये पडतात. दोन-तीन वर्षांच्या कामाचे. जिल्ह्यातल्या कितीतरी नव्या लेखकांच्या बाबतीत तर गाडी उलटीच चालते, छपाईचा खर्च त्यांनीच पदरमोड करून केलेला असतो. म्हणजे पैशाच्या आशेने मराठीत कथा-कविता लिहिणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. लिहिणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते इतकंच, की आपण लिहिलं ते पोचलं का, कुठपर्यंत पोचलं आणि कुठे अडकलं.

हे कळायची सोय पूर्वी दोन वाटांनी होती. एक म्हणजे पत्रं. दिवाळी अंकातली कथा आवडली की लोक पोस्टकार्ड टाकायचे, लेखकाचा पत्ता नसला तर संपादकांच्या पत्त्यावर. दुसरी वाट परीक्षणांची. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात, अशी सूचना नियतकालिकांत ठरलेली असायची. परीक्षण नाही जमलं तरी 'साभार पोच'मध्ये पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव किमतीसह लागायचं. तेवढ्या एका ओळीवरून पुस्तक मागवणारे ग्रंथपाल होते. आज पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं, पण लिहितं कोण? रविवारच्या पुरवण्यांतली पुस्तकांची जागा आक्रसत गेली, कितीतरी नियतकालिकं बंद पडली आणि पुस्तकं मात्र दर वर्षी हजारोंनी निघतात. उरलेल्या जागेत पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचं पुस्तक आधी बसतं. त्यात कुणाचं कारस्थान आहे असं मी म्हणत नाही. परीक्षण लिहिणारे, छापणारे आणि पुस्तक काढणारे एकाच शहरात राहतात, एकमेकांना भेटतात, म्हणून तसं होतं. सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर. सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या लेखकाने दर वेळी कुणाच्या दारात जायचं? त्यात छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची स्वस्त नोंदणीकृत सेवा होती, तीही १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. नुसतं पुस्तक पाठवणंही आता खिशाला जाणवतं.

मग राहतो तो वाचक. आणि वाचक काही बोलतच नाही असंही नाही. तो बोलतो, पण बंद दाराआड.

ओळखीच्या एका लेखिकेने मला तिचा फोन दाखवला. तिच्या कथासंग्रहाबद्दल आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप होते. बरेचसे अंगठा, फुलं, 'मस्त ताई', 'वाचतेय' असे. पण मधेच एक होता: 'ताई, आजी गेल्यावर घर विकायला काढतात तो भाग वाचला आणि पुस्तक मिटून आईला फोन लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती म्हणाली काय झालं गं. मी म्हटलं काही नाही, असंच.' मग तिने त्याच पुस्तकाचं ऑनलाइन दुकानातलं पान उघडलं. मुखपृष्ठ, पानांची संख्या, किंमत, मागच्या बाजूचा मजकूर. खाली अभिप्रायांची जागा पूर्ण कोरी. नागपूरचा, बेळगावचा, परदेशात राहणारा मराठी माणूस त्या पानावर आला तर त्याला काय कळणार? प्रकाशकाने स्वतःच्या पुस्तकाची केलेली स्तुती तेवढी दिसणार. ती पुस्तकागणिक सारखीच असते. साडेअकराला आईला केलेला तो फोन मात्र त्या एका पुस्तकाचा आहे. तो निरोप लिहिणाऱ्या मुलीने त्याच ओळी तिथे चिकटवल्या असत्या तर कथासंग्रहावर सभागृहात झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या जास्त उपयोगी पडल्या असत्या.

माझा आग्रह एवढाच आहे. नवीन काही रचू नका. लेखकाला जो निरोप पाठवलात तोच उचलून चारचौघांना दिसेल तिथे ठेवा.

मराठी वाचकाला आपलं मत मांडता येत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. कोणत्याही जुन्या वाचनालयातलं खूप हातांतून गेलेलं पुस्तक घ्या आणि शेवटचं पान उलटा. तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते, तिच्यासमोरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिलेलं असतं: 'कादंबरी छान आहे. जरूर वाचा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'शेवट पटला नाही.' त्याखाली तिसऱ्याने बॉलपेनने: 'शेवट हाच योग्य. पुन्हा वाचा.' ग्रंथपाल यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, पुस्तक सगळ्यांचं असतं. पण त्या पानावर बोलणाऱ्या तिघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही. त्यांना कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, बक्षीस लावलं नव्हतं. आपल्यामागून येणाऱ्या वाचकाला काहीतरी सांगावं अशी उबळ आली आणि त्यांनी सांगितलं. मी तर वाचनालयातून आणलेलं पुस्तक आधी मागूनच उघडतो. ही उबळ आपल्यात आहेच. तिला पुस्तक खराब न करता बाहेर पडायला जागा हवी.

मग अडतं कुठे? सोलापुरापुरतं बोलायचं तर भाषेच्या धास्तीपाशी. या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी अशा वळणाने पिढ्या वाढल्या आहेत. पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरातली मुलगी मराठी कादंबऱ्या झपाट्याने वाचते, मैत्रिणींना अख्खी गोष्ट रंगवून सांगते, पण चार ओळी लिही म्हटलं की 'आमचं मराठी शुद्ध नाही ओ' म्हणून मागे सरते. घरी मराठीच बोलणाऱ्याचंही तेच. आपण 'काय बे' म्हणणारे, आपण काय पुस्तकावर लिहायचं, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत ज्यांच्या वह्या लाल झाल्या त्यांच्या मनातून ती लाल शाई मोठेपणीही जात नाही.

या शहराने तरी ही भीती बाळगू नये. तेलुगू मातृभाषा असलेल्या लक्ष्मीनारायण बोल्लींनी इथेच राहून मराठीत लिहिलं. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरातच भरलं. मराठी ही फक्त एका घराण्याची, एका उच्चाराची भाषा नाही, हे इथल्या माणसांनी लिहून दाखवलं आहे. लिहिणाऱ्यांनी जो हक्क मिळवला तो वाचणाऱ्यांनी का सोडावा? अभिप्रायात वेलांटी चुकली तर काहीही बिघडत नाही. ती चूक काढायला कुणी आलंच, तर त्याला पुस्तकाबद्दल काय म्हणायचं आहे ते विचारा.

आणि खरं सांगायचं तर काही पुस्तकांवर बोलायचा पहिला अधिकार समीक्षकाचा नसतोच. समजा, यंत्रमागावरच्या जिण्याची कादंबरी निघाली आणि ती एखाद्या जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने, वाचली. त्याने एवढंच लिहिलं: 'मी मागावर आहे. धोटा उडून लागतो तो प्रसंग खरा आहे, माझ्या भावाला असंच लागलं होतं. पण रात्रपाळीत ही माणसं इतकी निवांत बोलतात ते खोटं वाटतं, मागाच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तरी वाचा, शेवटची तीस पानं सोडवत नाहीत.' किंवा बिडी वळणाऱ्या बाईंनी एका कथेबद्दल लिहिलं: 'छाट निघाल्यावर, म्हणजे वळलेल्या बिड्या नापास ठरल्यावर, तिचा जीव कसा होतो ते बरोब्बर आलंय. पण पानं आदल्या रात्री भिजवून ठेवावी लागतात, सकाळी उठून लगेच कापता येत नाहीत.' ही दोन्ही उदाहरणं मी कल्पनेने लिहिली आहेत, कारण असं काही लिहिलेलं मला कुठे वाचायला मिळत नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. असा अभिप्राय विद्यापीठात बसून लिहिता येणार नाही. तो लेखकाला पुढच्या पुस्तकासाठी उपयोगी पडतो आणि दुसऱ्या वाचकाला खात्री देतो, की हे जग जाणणाऱ्याने पुस्तक तपासलं आहे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो घेणारी माणसं पुस्तकांवर खरोखर प्रेम करणारी असतात. ती म्हणतात, समीक्षा हे अभ्यासाचं काम आहे. ज्याने त्याने चार ओळी खरडायला सुरुवात केली की चांगलं-वाईट याची पारखच उरणार नाही, ज्याला जास्त तारे ते पुस्तक मोठं ठरेल. निर्मलकुमार फडकुले यांच्यासारखा व्यासंगी वक्ता ज्या शहराने वर्षानुवर्षं ऐकला तिथे ही काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण समीक्षक आणि वाचक एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात. हे पुस्तक मराठीच्या परंपरेत कुठे बसतं, त्याची घडण कशी आहे, लेखकाच्या आधीच्या लेखनापेक्षा ते कुठे वेगळं आहे, हे समीक्षकाने सांगावं. त्यासाठी त्याला अभ्यासही हवा आणि सवडही. वाचकाने सांगायचं ते मला काय झालं एवढंच. कुठे थांबलो, कुठे हसलो, कुठे कंटाळून दहा पानं उलटली, कुणाला वाचायला दिलं. वाचकांच्या या नोंदी नसतील तर समीक्षकालाही पुस्तक समाजात काय करतं आहे ते कळायला वाव राहत नाही. शिवाय तारे मोजण्याच्या रोगावर उपाय शब्दांचाच आहे. नुसते पाच तारे काहीच सांगत नाहीत. 'पहिली दोन प्रकरणं रेंगाळली, मग मात्र रात्र गेली' हे बरंच सांगतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मला तो मान्य आहे. ओळखीपाळखीच्या कौतुकाचा. 'मी तुझ्या पुस्तकावर लिहितो, तू माझ्यावर लिही' असे व्यवहार चालतात. लेखकाचा भाऊ, मेहुणा, शेजारी सगळे 'अप्रतिम' लिहून मोकळे होतात. अशाने पुस्तकाचं भलं होत नाही. दोनदा फसलेला वाचक तिसऱ्यांदा त्या पानाकडे वळत नाही, आणि त्याची किंमत पुढच्या चांगल्या लेखकाला मोजावी लागते. याबाबत नियमही आहेत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. ते ऐच्छिक म्हणून आणलं गेलं, पण दिशा स्पष्ट आहे. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या घरच्यांनी आणि अगदी जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहायला परवानगी नाही. लेखकाने एखाद्या वाचकाला पुस्तक भेट द्यायला हरकत नसते, पण त्याबदल्यात अभिप्रायाची अट घालता येत नाही. मी तर आणखी पुढे जाऊन म्हणेन, की पुस्तक भेट मिळालं असेल तर अभिप्रायातच तसं लिहून टाकावं. 'लेखकाने दिलं म्हणून वाचलं, पण मत माझं आहे' या एका वाक्याने सगळं उजेडात येतं. खोट्या कौतुकाला तोंड द्यायचं तर परक्या, अनोळखी वाचकांनी मोठ्या संख्येने बोलणं हाच मार्ग आहे. ते गप्प बसले तर मेहुण्याचं 'अप्रतिम' एकटंच तिथे राहील.

खरी पंचाईत याहून वेगळी आहे आणि ती आपल्यासारख्या शहरात जास्त जाणवते. लेखक ओळखीचा असतो. नाही आवडलं असं लिहिलं आणि संध्याकाळी पार्क चौकात समोर आला तर? त्याच्या बहिणीशी आपल्या घरचे संबंध आहेत, तो मुलाच्या कॉलेजात शिकवतो, पुढच्या महिन्यात एकाच मंचावर बसायचं आहे. मुंबईतला वाचक या अडचणीतून सुटतो, सोलापूरचा सुटत नाही. म्हणून इथे माणसं एक तर भरभरून स्तुती करतात किंवा विषयच काढत नाहीत. या दोन्हींपेक्षा वेगळं वागता येतं, असं माझं मत आहे. जे आवडलं ते नेमकं सांगायचं, जे पोचलं नाही तेही तितकंच नेमकं सांगायचं आणि माणसाबद्दल अक्षर काढायचं नाही. 'संवाद जिवंत आहेत, पण पात्रं इतकी आहेत की मला नावं कागदावर लिहून ठेवावी लागली' असं वाचून कुणी संबंध तोडत नाही. तोडलेच, तर तो लेखक अजून वाचकांसमोर यायला तयार झालेला नाही. लेखकांनाही माझी हात जोडून विनंती आहे: नापसंतीच्या अभिप्रायाखाली भांडायला जाऊ नका. 'तुम्हाला कळलंच नाही' असं एकाला सुनावलंत की ते पाहणारे दहाजण कायमचे गप्प होतात. आणि वाचकाने तुमच्या पुस्तकाला दिलेले तास हे त्याच्या आयुष्यातलेच होते, एवढं लक्षात ठेवा.

पुस्तकावर लिहिताना एक गल्लत मात्र टाळायला हवी. पार्सल उशिरा आलं, कोपरा दुमडलेला निघाला, म्हणून लोक रागाने पुस्तकाला एक तारा देऊन टाकतात. ती तक्रार रास्त असते, पण ती दुकानदाराकडे किंवा कुरिअरवाल्याकडे करायची. त्या एका ताऱ्याचा भार लेखकाच्या डोक्यावर बसतो, आणि कुरिअरच्या पेटीवर त्याचा काडीचा ताबा नसतो. छपाईच्या चुका, विस्कटलेली बांधणी याबद्दल जरूर लिहा, पण तो प्रकाशकाचा दोष आहे हे त्याच वाक्यात म्हणा. रहस्यकथेतला खुनी सांगू नका, हे काही वेगळं सांगायला नको.

आवडलेला उतारा द्यावासा वाटला तर दोन-चार ओळी खुशाल द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम समीक्षेसाठी असा वापर करायला मुभा देतं. पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ गटागटांतून फिरवणं हा गुन्हा आहे आणि मराठी पुस्तकाच्या मुळावर उठणारी सवय आहे. लोक ती प्रेमाने पाठवतात, हे मला ठाऊक आहे. 'घ्या, सुंदर पुस्तक आहे' असं म्हणून पाठवतात. ते 'सुंदर पुस्तक आहे' का वाटलं हे दोन वाक्यांत लिहून फक्त मुखपृष्ठाचा फोटो पाठवला तर त्यातून एखादी तरी प्रत विकली जाईल. ५०० प्रतींच्या आवृत्तीत एका प्रतीलाही वजन असतं.

कुठे लिहायचं, असं बरेच जण विचारतात. जिथून पुस्तक घेतलं त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर, ही सगळ्यात उपयोगी जागा. मात्र अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी ठरावीक रकमेची खरेदी केलेल्या खात्यालाच लिहू देतात. गुडरीड्सवर खरेदीची अट नाही, वाचनालयातून आणून वाचलेल्या पुस्तकावरही तिथे लिहिता येतं. फेसबुकवर लिहायचं असेल तर पुस्तकाचं, लेखकाचं, प्रकाशकाचं नाव आणि किंमत घाला, नाही तर 'कुठे मिळेल?' या प्रश्नापाशी सगळं अडतं. टंकायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. गावांची आणि माणसांची नावं तेवढी तपासून घ्यावी लागतात. इंटरनेटशी संबंधच नसेल तर वाचनालयातली मागणी नोंदवायची वही आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत, आणि अनुदानातला ठरावीक भाग त्यांना पुस्तकांवर खर्च करावा लागतो. कोणती पुस्तकं घ्यायची हे बऱ्याच ठिकाणी विक्रेत्याने पुढे केलेल्या यादीवरून ठरतं. सभासदाने वहीत पुस्तकाचं नाव आणि 'का हवं' याची एक ओळ लिहिली तर ग्रंथपालाला त्या यादीबाहेर जायला आधार मिळतो. ही वही बहुतेक ठिकाणी कोरी असते. ती भरणं तर कुणालाही जमेल.

१८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. तिथून आपण लेखकांना एकत्र बोलावत आलो. सोलापूरने अखिल भारतीय संमेलन १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरवलं आणि २००६ मध्ये याच शहरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पण या सगळ्या काळात वाचक समोरच्या खुर्चीतच राहिला. त्याने टाळ्या वाजवाव्या, पुस्तकं विकत घ्यावी, यापलीकडे आपण त्याच्याकडे काही मागितलं नाही. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात लेखकांच्या मुलाखती होतात, कविसंमेलन होतं. एक तास वाचकांसाठी ठेवा. प्रत्येकाने या वर्षी वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं, लेखकाने खाली बसून ऐकायचं. शाळांमध्ये १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो तेव्हा मुलांकडून फळ्यावरून उतरवलेला पुस्तक परिचय घेऊ नका. मुलाला कंटाळा आला असेल तर त्याला तसंच लिहू द्या.

आणि हिराचंद नेमचंद वाचनालयापासून उपनगरांतल्या लहान ग्रंथालयांपर्यंत सगळ्यांना माझी एक मागणी आहे. पुस्तक परत करायच्या टेबलावर एक वही दोरीला बांधून ठेवा. पुस्तकाचं नाव आणि दोन-तीन ओळी, एवढेच रकाने पुरेत. पेन्सिलीने मागच्या पानावर लिहिणाऱ्यांना आता लिहायला जागा मिळेल आणि पुस्तकंही खराब होणार नाहीत. महिन्याच्या शेवटी राष्ट्रीय सेवा योजनेतली कॉलेजची दोन मुलं येऊन त्या नोंदी सभासदांना विचारून, त्यांच्याच शब्दांत, ज्या त्या पुस्तकाच्या ऑनलाइन पानावर चढवू शकतील. खाली सभासदाला हवं असेल तर नाव, नको असेल तर 'एक वाचक, सोलापूर'. शब्द बदलायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही. एखाद्या निवृत्त मिल कामगाराला लिहिताना हात थरथरतो म्हणून त्याने तोंडी सांगितलं, तर तेही तसंच उतरवून घ्यायचं. अशी वही कुठल्याही वाचनालयाला पुढच्या सोमवारपासून सुरू करता येईल. टंकायला येणाऱ्या मुलांना चहा द्यायची जबाबदारी माझी.